हालिनाच्या वाट्याचा हिवाळा

सकाळी साडेसहाला पोहायला येणाऱ्या बायका हालिनाला चेहऱ्यापेक्षा पाठीवरून जास्त ओळखू येत. तिचं स्टूल कपडे बदलायच्या खोलीत दाराशी होतं आणि तिथून न्हाणीकडे जाणाऱ्या बायका तिला पाठमोऱ्याच दिसत. रेक्याविकच्या पश्चिम वस्तीतल्या त्या तलावावर तिने एकोणीस वर्षं नोकरी केली. कुणाची पाठ रात्रभर झोपलेली नाही, कुणाचं वजन भराभर उतरतंय, कुणाचे खांदे नवऱ्याच्या जाण्यानंतर पुन्हा सरळ व्हायला लागलेत, हे तिला त्या बायकांच्या मुलींच्या आधी कळत असे. एकदा तिने ओद्नी नावाच्या बाईला मध्येच थांबवलं होतं.

"पाठीवरचा हा तीळ दोन महिन्यांपूर्वी एवढा नव्हता."

"तू माझे तीळ मोजतेस?" ओद्नी म्हणाली.

"मोजत नाही. दिसतात. डॉक्टरला दाखव."

ओद्नीने कुरकुरत दाखवला. बरं झालं वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. यावर दोघींमध्ये पुन्हा कधी बोलणं झालं नाही. फक्त त्या वर्षी नाताळात हालिनाच्या स्टुलावर हाताने विणलेला लोकरी मोज्यांचा एक जोड ठेवलेला होता. चिठ्ठी नव्हती.

तिचं काम सांगायला सोपं होतं. अंगावर चिंधीही न ठेवता, साबण लावून, स्वच्छ न्हायचं आणि मगच पोहण्याचा पोशाख चढवून पाण्याकडे जायचं. इथल्या माणसाला हे आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं असतं. पंचाईत व्हायची ती बाहेरून आलेल्यांची. कुणी टॉवेल गुंडाळून कोपऱ्याकोपऱ्याने सटकू पाहायची, कुणी पोशाखावरूनच दोन थेंब शिंपडून घ्यायची. देवळात चपला घालून शिरणाऱ्याकडे पुजारी जसा बघेल, तशी हालिना त्यांच्याकडे बघायची. पण आवाज चढवायची नाही.

"बाई, तुम्ही काहीतरी विसरलात."

"काय?"

"अंघोळ."

"मी हॉटेलातून करून आलेय."

"छान केलंत. आता इथं करा."

तिच्या बोलण्यात पोलिश हेल होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. तरी एखादी इथली आजी नातीला सांगायची, "त्या दाराशी बसलेल्या बाईंचं ऐक. त्या आपल्या लोकांपेक्षा कडक आहेत."

हालिना इथली नव्हती. पोलंडच्या ईशान्य कोपऱ्यातलं सुवाल्की हे तिचं गाव. नवरा रोमान आणि ती, दोघं दोन वर्षांसाठी म्हणून आली होती. एका चिंचोळ्या खाडीच्या कडेला मासे कापायचा कारखाना होता. तिथे खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर कॉड माशाचे तुकडे पसरायचे आणि आतले किडे चिमट्याने वेचून काढायचे, असं काम. आठ तास मान खाली. रोमान तिसऱ्या वर्षी परत गेला आणि वर्षभराने तिकडच्याच एका बाईबरोबर राहू लागला. हालिना म्हणाली, एक वर्ष काढते, मुलगा शिकतोय तोवर. मुलगा शिकला, ग्दान्स्कला नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं. ती शहरात आली, तलावावर लागली. दर वर्षी म्हणायची, पुढच्या वर्षी. असं म्हणता म्हणता सदुसष्ट वर्षं पुरी झाली आणि सप्टेंबरअखेर तिला नोकरीतून निवृत्त केलं.

निरोपाला केक होता, त्यावर तिचं नाव होतं, सगळ्यांनी उभ्या उभ्या खाल्ला. मग सगळे कामाला गेले. हालिनानेच बशा धुतल्या.

सुवाल्कीहून तिची धाकटी बहीण तेरेसा दर रविवारी फोन करायची. वडिलांचं घर आणि अंगणातल्या कोंबड्या तिने राखल्या होत्या. नवरा गेल्यापासून तीही एकटीच होती.

"आता तिथं काय राहिलंय तुझं?" तेरेसाने विचारलं. "नोकरी होती, ती संपली. वारा तेवढा उरला. वारा इथं पण आहे."

"तसा नाहीये."

"ताई, मी खोली रिकामी करतेय. एक नोव्हेंबरला आईबाबांच्या थडग्यावर दिवे लावायला ये आणि मग परत जाऊच नकोस."

हालिना हो म्हणाली. अठ्ठावीस ऑक्टोबरचं एकमार्गी तिकीट काढलं. हो म्हणताना तिने कुणाला विचारलं नाही, कारण विचारायचं कुणाला हेच तिला ठरवता येईना. पंचवीस वर्षांहून जास्त काळ या देशात गेला. उद्या आपण उठून गेलो, तर इथं कुणाचं काय अडणार आहे? हा प्रश्न तिला रागाने पडला नव्हता. पायाला खडा टोचावा तसा तो चालताना टोचायचा, आणि थांबून बघितलं तर सापडायचा नाही. दाराशी बसलेलं माणूस सगळ्यांना माहीत असतं, पण ते दाराशीच असतं.

तलावाच्या कडेला गरम पाण्याची कुंडं होती आणि त्यातल्या बेचाळीस अंशांच्या कुंडात सकाळी सातची एक मंडळी ठरलेली होती. सिग्नी, ब्याऐंशी वर्षांची निवृत्त सुईण, अर्ध्या वस्तीला तिने जगात आणलेलं. ओद्नी, तीच तिळाची, जन्मभर टपाल कचेरीत होती. आणि न्याल, जहाजावरचा आचारी, ज्याला किनाऱ्यावर येऊन वीस वर्षं झाली तरी तो अजून डुलत चालायचा. ही माणसं गळ्यापर्यंत पाण्यात बसून सरकारपासून बटाट्यापर्यंत सगळ्याचा निकाल लावत. हालिनाला त्यांची प्रत्येक गोष्ट ठाऊक होती, पण अर्धवट, दारातून ऐकलेली. सातच्या कुंडात ती एकदाही उतरली नव्हती. तेव्हा तिची पाळी असे. पाळी संपल्यावर दुपारी ती उतरायची, तेव्हा कुंडात पर्यटक असत.

नोकरी संपल्यावर दोन आठवडे ती तिकडे फिरकलीच नाही. मग एका मंगळवारी सकाळी ती उठली, टॉवेल घेतला आणि निघाली. जायच्या आधी एकदा सातच्या कुंडात बसायचं आणि सगळ्यांना सांगायचं, एवढंच ठरवलं होतं.

तलावाच्या दारातून ती पहिल्यांदाच गिऱ्हाईक म्हणून आत शिरली. दाराशी तिच्या स्टुलावर नवी बाई होती. हालिनाने तिला हसून मान डोलावली, कोपऱ्यातलं कपाट घेतलं, कपडे काढले, पोहण्याचा पोशाख चढवला, केस बांधले आणि मनातल्या मनात पहिलं वाक्य घोळवत, न्हाणी ओलांडून सरळ बाहेरच्या दाराला हात घातला.

"अगं ए!"

साबणाच्या फेसातून सिग्नीचा आवाज आला. सुइणीचा आवाज तो, भिंतीपलीकडच्या बापालाही ऐकू जाणारा.

हालिना थांबली. स्वतःकडे बघितलं. पोशाख कोरडा. केस कोरडे. अंगाला पाण्याचा थेंब नाही.



"बाई, तुम्ही काहीतरी विसरलात," सिग्नी हालिनाच्याच पोलिश हेलात म्हणाली.

मग जो हशा उठला तो आवरेना. ओद्नी भिंतीला टेकून खाली बसली. नवी बाई स्टुलावरून उठून आत डोकावली आणि यावर हसावं की नियम सांगावा हे न कळून तशीच उभी राहिली. हालिनाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"मी घरून करून आलेय," ती पुटपुटली.

"छान केलंस," सगळ्याजणी एका सुरात म्हणाल्या, "आता इथं कर!"

तिने केली. एवढी घासून अंघोळ तिने आयुष्यात केली नसेल. ती होईपर्यंत बातमी कुंडात पोचली होती. ती पायऱ्या उतरली तेव्हा न्याल दोन्ही हात पाण्यावर पसरून बसला होता.

"ये हालिना. पाण्याची तपासणी मागवू का आधी?"

"गप रे, तुझ्या जहाजावर आठवड्यातून एकदा न्हायचास तू," सिग्नी म्हणाली.

"दोनदा. वादळ असलं तर."

त्यांनी सरकून जागा केली. हालिना बसली. पहाटेचा अंधार अजून विरला नव्हता, वाफेच्या वर दिव्यांचे पिवळे गोळे लटकले होते. यंदा ओद्नीचे बटाटे बोराएवढे आले यावर वाद चालू होता. जरा फट मिळाली तशी हालिनाने घोळवलेलं वाक्य म्हटलं.

"मी अठ्ठावीसला पोलंडला चाललेय. बहिणीकडे. कायमची."

 न्यालने ओल्या हाताने तोंड पुसलं.

"बरं तर," तो म्हणाला.

"अठ्ठावीसला," ओद्नी म्हणाली. "त्या आठवड्यात उत्तरेचा वारा सांगितलाय. विमान हलेल. पुढची जागा घे."

"मागची हलते," न्याल म्हणाला.

"तेच म्हणतेय मी. पुढची घे."

आणि बोलणं परत बटाट्यांवर गेलं. सिग्नी तर डोळे मिटूनच बसली होती.

हालिनाला ही माणसं ठाऊक होती. नवरा समुद्रात बुडाला तरी बाई शेजारणीला आधी कॉफी विचारते, असे हे लोक. पण ठाऊक असणं वेगळं आणि सोसणं वेगळं. सुवाल्कीत असं कुणी सांगितलं असतं, तर एकीने गळा काढला असता, दुसरीने शिव्या घातल्या असत्या, तिसरीने बाटली उघडली असती. इथं एकीने विमानातली जागा सुचवली. कुणाचं काय अडणार, या प्रश्नाचं तिला उत्तर मिळाल्यासारखं वाटलं, आणि ते घेऊन ती कुंडातून लवकर वर आली.

ती केस वाळवत असताना ओद्नी मागून आली.

"शनिवारी मोकळी आहेस का?"

"का?"

"स्लाउतुर करायचंय आमच्या तळघरात. हात कमी पडतात. सिग्नीला सुईत दोरा ओवता येत नाही आता, आणि कबूलही करत नाही."

"मला ऐकू येतंय हं," कपाटाच्या पलीकडून सिग्नी म्हणाली.

ऑक्टोबरात मेंढरं कापली की या देशात घरोघर हा उद्योग निघतो. मेंढीच्या पोटाच्या पिशव्या शिवायच्या, एकीत रक्त, राईचं पीठ आणि चरबीचे तुकडे, दुसरीत वाटलेली कलेजी, असं भरून तोंड टाचायचं, उकडायचं आणि हिवाळाभर पुरवायचं. हालिना हो म्हणाली खरी, पण घरी जाताना तिच्या मनात आलं, चाललेल्या माणसाकडूनसुद्धा हात तेवढे मागून घेतले.

शनिवारी ती गेली. ओद्नीच्या तळघरात कपडे धुवायच्या यंत्राशेजारी लांब टेबल मांडलं होतं. टबात रक्त, परातीत पीठ, न्याल एप्रन बांधून चरबी बारीक चिरतोय, ओद्नीची मुलगी चुलीवर दोन मोठी पातेली सांभाळतेय. हालिनाने सुई घेतली. चिमट्याने किडे वेचलेला हात तो, मोजून टाके घालत गेला. सिग्नीची एक पिशवी होईपर्यंत तिच्या तीन झाल्या.

"ही यंत्र आहे," न्याल म्हणाला.

"तू चिर," सिग्नी म्हणाली. "आणि हालिना, काठोकाठ भरू नकोस, पीठ फुगतं. मागे न्यालची एक फुटली, छतावरचा डाग अजून दाखवते ओद्नी."

"आमच्याकडे डुकराच्या आतड्यात भरतात," हालिना म्हणाली. "डिसेंबरात. आई घरीच करायची. मी तिसरीत असल्यापासून हातात घागरभर रक्त धरून ढवळत उभी राहायची, गोठू नये म्हणून." असं म्हणत तिने घरून आणलेल्या पिशवीतून कागदाची पुडी काढली.

"हे काय?" ओद्नीने विचारलं.

"मरवा. वाळवलेला. याच्याशिवाय आमच्याकडे रक्तीला चव नाही म्हणतात."

ओद्नीने पुडी हुंगली आणि लांब धरली. "माझ्या आजीच्या आजीपासून यात कुणी पाला घातलेला नाही."

"तुझ्या आजीच्या आजीकडे पाला होता कुठं?" न्याल म्हणाला. "दगड होते. दगड घातले असते तिने, पुरवठ्याला येतात म्हणून."

सिग्नी हसून हसून खोकायला लागली. शेवटी तडजोड झाली. एका पिशवीत मरवा घालायचा आणि तिचं तोंड लाल दोऱ्याने शिवायचं, म्हणजे चुकून भल्या माणसाच्या ताटात जाणार नाही.

तीन तास पातेली रटरटली. खिडक्यांवर वाफ धरली. दुपार कलताना सगळं निथळून, गार करून टेबलावर मांडलं गेलं आणि सिग्नीने प्लॅस्टिकच्या पिशव्या घेतल्या, प्रत्येकीवर जाड पेनाने नाव घातलं. सिग्नी. ओद्नी. न्याल. ओद्नीच्या मुलीचं. आणि मग पाचवी. हालिना.

हालिना टॉवेलला हात पुसत होती. ती थांबली.

सिग्नीने रक्ताच्या चार, कलेजीच्या तीन आणि लाल दोऱ्याची एक अशा आठ तिच्या पिशवीत घातल्या. बाकीच्यांच्या पिशव्यांत सात सात होत्या.

"सिग्नी, मी अठ्ठावीसला जातेय."

"माहीतेय. कुंडात सांगितलंस. मी बहिरी नाही."

"मग एवढ्याचं मी काय करू? विमानात नेऊ?"

"विमानात कशाला? तुझ्या फ्रीजच्या कप्प्यात मावणार नाहीत, म्हणून माझ्याकडे ठेवते. तुला लागेल तशी येऊन ने. शनिवारी ये, त्या दिवशी मी बटाटे उकडतेच."

"अगं, पण मी..."

"हे एप्रिलपर्यंत टिकतं," सिग्नी पिशवीचं तोंड बांधत म्हणाली. ती हालिनाकडे बघत नव्हती, गाठीकडे बघत होती. गाठ तिच्याच्याने नीट बसेना. "तू कधी जातेस, कधी येतेस, ते तुझं तू बघ. आम्ही हिवाळ्याचं बघतोय. हिवाळ्याला माणसं मोजावी लागतात."

न्याल सुरी धूत होता, ती एकदा धुऊन झालेलीच होती. ओद्नी टेबल पुसत होती, तेही कोरडं झालं होतं.

हालिनाने सिग्नीच्या हातातून पिशवी घेतली, गाठ सोडून पुन्हा घट्ट मारली आणि परत तिच्याकडे दिली. मग ती पातेली घासायला बसली, कारण बोलायला गेली असती तर पोलिशमध्ये बोलली असती.

घराकडे जाताना संध्याकाळ उतरत होती. समुद्रावरून वारा सुटला होता, तोच, तेरेसा म्हणते तो. केसांना, कोटाला, बोटांना उकडलेल्या चरबीचा वास येत होता. किनाऱ्यावरच्या एका बाकावर ती बसली आणि रविवार नसताना तिने फोन लावला.

"काय झालं?" तेरेसा घाबरून म्हणाली.

"काही नाही. मी येतेय गं. अठ्ठावीसलाच. पण परतीचं तिकीट काढते. तीन आठवड्यांचं."

 पलीकडे तेरेसाने नाक ओढलं.

"मी खोली रंगवली, ताई. पिवळी. शिडीवर चढून. या वयात."

"माहीत नव्हतं मला."

"तुला दाखवणार होते एकदम. तिथं आहे कोण तुझं? सांग ना. नाव सांग एकाचं."

हालिनाने नावं सांगितली. सांगायला लागली तर नुसती नावं पुरेनात. मग तिने सिग्नीची सुई सांगितली, न्यालचं छतावरचं रक्त सांगितलं, कोरड्या अंगाने कुंडाकडे निघालेली ती स्वतः सांगितली. तिथे तेरेसाला मनात नसताना हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली.

"मला एकटीला इथं बरं नाही वाटत गं," तेरेसा म्हणाली. हे ती आजवर म्हणाली नव्हती. सगळी वर्षं ती फक्त हालिनाच्या एकटेपणाबद्दल बोलत आली होती.

हालिनाला एकदम कळलं, की खोली कुणासाठी रंगवली होती.

"ऐक," ती म्हणाली. "तीन आठवडे मी तुझ्याकडे. नाताळानंतर तू माझ्याकडे. कोंबड्या शेजारच्या बाईंकडे दे."

"मी? तिथं? मला त्यांच्या भाषेत हो-नाही म्हणता येत नाही."

"लागत नाही. हे लोक तसेही फारसं बोलत नाहीत. फक्त एक आहे."

"काय?"

"अंघोळ करावी लागेल. सगळ्यांसमोर. काही न नेसता."

"येशू, मारिया!" तेरेसा म्हणाली. मग तिने विचारलं, "गरम पाणी असतं ना पण?"